सेलेनियम पेशीपर्यंत पोचतं कसं? रिपोर्टमधला आकडा आणि त्यामागची वाहतूक

निळी_शाई

मंडळी, परवा संध्याकाळी शेजारच्या काकू हातात लॅबचा कागद घेऊन आल्या. थायरॉईडची गोळी त्यांना बरीच वर्षं चालू आहे, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं सेलेनियम, म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं एक खनिज, बघून घ्या, म्हणून त्यांनी ते तपासलं, आकडा व्यवस्थित नॉर्मलमध्ये होता, तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाल्या, "अगं रक्तात आहे हे दिसतंय, पण जिथं लागतं तिथं जातंय का ते यात कुठं लिहिलंय?" मी वीस वर्षं बी.एस्सी.च्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवतेय, पण एवढा नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. त्यांना चहा होईपर्यंत जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते.

आपल्याला वाटतं मीठ पाण्यात विरघळतं तसं सेलेनियम रक्तात विरघळून फिरत असेल आणि ज्या पेशीला हवं ती उचलून घेत असेल. तसं नाही होत. गहू-डाळीतून आपल्याकडे येतं ते मुख्यतः सेलेनोमेथिओनिन, म्हणजे मेथिओनिन या अमिनो आम्लात सल्फरच्या जागी सेलेनियम बसलेलं. आतड्याला हा फरक कळतच नाही, साध्या मेथिओनिनच्याच दारानं ते आत येतं, आणि ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. तिथून रक्त थेट लिव्हरला जातं.

खरी गंमत लिव्हरमध्ये आहे. तिथं त्या अमिनो आम्लाची मोडतोड होऊन सेलेनियम सुटं होतं, त्याला सेलेनाइड म्हणतात. हा फार तिखट प्रकार, मोकळा ठेवला तर पेशीलाच जाळेल, म्हणून लगेच त्याला फॉस्फेट जोडून पुढच्या कामाला लावतात. आणि त्यातून लिव्हर एक प्रोटीन बनवून रक्तात सोडतं, सेलेनोप्रोटीन पी. पी म्हणजे प्लाझ्मा. माणसाच्या शरीरात सेलेनियमवाली प्रोटीनं बनवणारे एकूण २५ जीन आहेत, त्यातल्या बहुतेक प्रोटीनांत सेलेनियमचा एकच अणू असतो. या पी मध्ये १०! एक एका टोकाला, ते स्वतःचं छोटं काम करतं, आणि उरलेले ९ दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं बसलेले. ते ९ म्हणजे माल. रक्तरसातल्या सेलेनियमचा साधारण निम्मा भाग या एका प्रोटीनमध्ये असतो, बाकी काही किडनीत तयार होणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ३ या दुसऱ्या सेलेनियमवाल्या प्रोटीनमध्ये आणि काही अल्ब्युमिनमध्ये मेथिओनिनच्या जागी नुसतंच अडकलेलं.

हे वाहतुकीचं प्रोटीन आहे हे पक्कं कळलं ते २००३ साली. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात क्रिस्टिना हिल आणि रेमंड बर्क, आणि जर्मनीत ल्युट्झ शोमबुर्ग, दोन्हीकडे स्वतंत्रपणे असे उंदीर तयार केले की ज्यांना सेलेनोप्रोटीन पी बनवताच येत नव्हतं. त्यांच्या मेंदूत आणि वृषणात सेलेनियम पार खाली गेलं, चालताना तोल जायचा, झटके यायचे, नरांना पिल्लं होईनात. लिव्हरमध्ये मात्र सेलेनियमची टंचाई नव्हती, उलट माल गोदामात पडून होता, गाडीच नव्हती न्यायला. मी हे वर्गात सांगते तेव्हा दरवेळी दोन मिनिटं थांबते, कारण खाण्यात आहे, शोषलंय, लिव्हरमध्ये आहे आणि तरी मेंदू उपाशी, हे एकदा मनात बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

गाडी उतरते कुठं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता पेपर तपासायचेत.

खामगावचा

ताई, धागा वाचून राहिलो, लय मनावर घेऊन वाचून राहिलो. आमची सोयरीक शेगाव तालुक्यात आहे. २०२४ च्या डिसेंबरात आन मग जानेवारीत तिकडं बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकायचे केस जायले लागले ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असन. माझ्या मावसवहिनीचे गेले. कंगव्यात केस येणं वेगळं ना, हिनं सकाळी वेणी घालायले हात लावला आन पुंजकाच्या पुंजका मुळासकट हातात आला, ओढावं पण लागलं नाही. तीन-चार दिवसांत डोक्यावर मोकळे चट्टे. ते पोरगी आरशासमोर जायची बंद झाली हो. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर येऊन गेले, त्यायनी गव्हाचे नमुने तपासून सेलेनियम फार जास्त आहे असं सांगितलं. मले इतकंच विचारायचं आहे, कमी पडलं तर मेंदूले त्रास होते म्हणता, मग जास्त झालं तर केसच काऊन जातेत?

नेवासकर

उत्तम धागा. बायोलॉजी दहावीलाच सुटली पण हे वाचताना आमचा मुळा धरणाचा पाट डोळ्यासमोर आला. आमच्याकडे आवर्तन सुटलं की हेडवाल्यांनी पाणी ओढून घ्यायचं आणि शेवटच्या चारीला धूळ, हे वर्षानुवर्षं चालत आलं, मग नियम आला की आधी टेलला द्यायचं आणि मग मागं मागं यायचं. तर शरीरात लिव्हर हेडला दिसतंय, आतड्याच्या धरणाला अगदी लागून. मग टंचाईच्या साली ते स्वतःचं रान आधी भिजवतं का टेलचं? आणि टेलला आहे कोण?

सुवर्णरेखा

वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ताई मी एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. एक शंका आहे. प्रोटीन पी मध्ये सेलेनियम सेलेनोसिस्टीनच्या रूपात आहे ना, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लात सल्फरच्या जागी सेलेनियम, आणि पेशीला पण शेवटी सेलेनोसिस्टीनच लागतं, मग तिथं पोचल्यावर तेच तयार सेलेनोसिस्टीन वापरत का नाहीत? आमच्या पुस्तकात लिहिलंय की ते परत मोडतात. बांधा, मोडा, परत बांधा, एवढी ऊर्जा घालवायची कशाला?

निळी_शाई

पेपर झाले, आता निवांत लिहिते. तिघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, त्यामुळे उत्तर पण एकत्रच येईल.

नेवासकर दादा, तुमचा पाट इतका चपखल बसतोय की मी यापुढे वर्गात हाच सांगणार. शरीर टेलला आधी पाणी देतं. टेलला आहेत मेंदू, वृषण आणि थायरॉईडसारख्या ग्रंथी. सेलेनियम कमी पडायला लागलं की पहिला बळी जातो खुद्द लिव्हरच्या स्वतःच्या पिकाचा, म्हणजे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज १ या प्रोटीनचा, आणि ते जवळजवळ शून्यावर आलं तरी लिव्हर सेलेनोप्रोटीन पी बनवून बाहेर पाठवत राहतं. हेडवाला स्वतःचं रान सुकवून चारी चालू ठेवतो, असं समजा. स्नायूंची पाळी पण खूप मागं.

हे होतं कसं, तर दारांमुळे. सेलेनोप्रोटीन पी कुठल्याही पेशीत आपोआप शिरत नाही, त्याला धरणारा रिसेप्टर लागतो. २००७ मध्ये सापडलं की मेंदूत आणि वृषणात अपो-ई रिसेप्टर २ नावाचं दार आहे, ते या प्रोटीनला घट्ट पकडतं. एलडीएल कोलेस्टेरॉल उचलणारे रिसेप्टर असतात ना, त्यांच्याच खानदानातलं हे. पुढच्याच वर्षी किडनीतलं दार कळलं, मेगालिन. किडनीच्या गाळणीतून जे तुकडे लघवीच्या वाटेला लागतात ते मेगालिन परत आत ओढतं, म्हणजे किडनी वाहून जाणारा माल अडवते आणि त्यातून स्वतःचं पेरॉक्सिडेज ३ बनवते. ज्यांच्या पेशींवर अशी दारं जास्त त्यांना थोड्या मालातही मिळतं, बाकीचे थांबतात. वाटप करायला वर कुणी पाटकरी बसलेला नाही, दारांची संख्या आणि पकड हेच सगळं ठरवतं. मेंदूनं तर आणखी एक सोय करून ठेवलीय, तिथल्या पेशी स्वतः पण थोडं सेलेनोप्रोटीन पी बनवतात आणि शेजारच्या न्यूरॉनना देतात, त्यामुळे नुसतं लिव्हरचं उत्पादन बंद केलेल्या उंदरांत मेंदू बऱ्यापैकी तगून राहतो.

वृषणाचं काय काम असं कुणी विचारेल म्हणून सांगते, शुक्राणूच्या मधल्या भागाचं जे आवरण असतं त्यात पेरॉक्सिडेज ४ हे सेलेनियमवालं प्रोटीन अक्षरशः विटेसारखं चिणलेलं असतं. माल आला नाही तर शेपटी वाकडी होते आणि पोहताच येत नाही.

आता सुवर्णरेखा, तुझी शंका. दारातून आत आलेलं प्रोटीन पी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडतोडीच्या पिशवीत जातं, तिथं त्याचे तुकडे होतात, सेलेनोसिस्टीन सुटतं, आणि सेलेनोसिस्टीन लायेज नावाचं एन्झाइम त्यातून सेलेनियम काढून घेतं. परत सेलेनाइड. का? कारण पेशीकडे तयार सेलेनोसिस्टीन टीआरएनएवर (प्रोटीन जोडताना अमिनो आम्लं आणून देणारा रेणू) चढवायची यंत्रणाच नाही. बाकीची वीस अमिनो आम्लं आधी तयार असतात आणि मग टीआरएनएवर बसतात. सेलेनोसिस्टीन हे एकविसावं, आणि ते टीआरएनएच्या अंगावरच घडवलं जातं: आधी तिथं सेरिन चढतं, त्याला फॉस्फेट लागतं, आणि मग फॉस्फेटच्या जागी सेलेनियम येतं. म्हणजे मोकळं सेलेनोसिस्टीन पेशीत फिरतच नाही, फिरायला नकोच, कारण सिस्टीनच्या जागी चुकून कुठंही बसलं तर प्रोटीन बिघडेल. वाया जातेय असं तुला वाटतं ती ऊर्जा खरं तर पहाऱ्यावर खर्च होते.

आणि घडवल्यावर बसवायचं कुठं, त्याची खूण पण विलक्षण आहे. जीनच्या भाषेत यूजीए ही तीन अक्षरं आली की एरवी अर्थ होतो "थांब, प्रोटीन संपलं". सेलेनियमवाल्या प्रोटीनांच्या निरोपात (म्हणजे जीनची जी नक्कल वाचून प्रोटीन बनतं, त्या एमआरएनएत) मात्र शेवटाकडे एक ठराविक गाठ असते, ती गाठ दिसली की तेच यूजीए "इथं सेलेनोसिस्टीन बसव" असं वाचलं जातं. बाकीच्यांना अशी एक गाठ, प्रोटीन पी ला दोन, कारण त्याला दहादा हा शब्द पार करायचाय. सेलेनियम संपलं की यूजीएचा परत "थांब" होतो, अर्धवट राहिलेला निरोप पेशी चक्क नष्ट करते, आणि पेरॉक्सिडेज १ चा निरोप यात सगळ्यात आधी जातो. नेवासकर दादा, हेडचं पीक आधी सुकतं ते या वाटेनं.

पेशीच्या आतही हा तिखट माल मोकळा सोडत नाहीत. २०२४ मध्ये कळलं की पेरॉक्सिरेडॉक्सिन ६ नावाचं एक जुनं माहितीचं प्रोटीन आतल्या आत सेलेनियम हातात धरून पुढं पोचवायला मदत करतं. म्हणजे आतड्यापासून शेवटच्या पेशीतल्या शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हात धरलेला आहे.

खामगावच्या दादा, तुमचं उत्तर मुद्दाम शेवटी ठेवलं. वहिनींचं वाचून वाईट वाटलं. सेलेनोप्रोटीन पी च्या वाटेला मर्यादा आहे. खाण्यात पुरेसं आलं की रक्तातलं पी एका पातळीला जाऊन थांबतं, त्यापुढं कितीही खा, ते वाढत नाही. पण धान्यातलं सेलेनोमेथिओनिन येतच राहिलं तर त्याला या शिस्तीची गरज नाही, ते साध्या मेथिओनिनचं रूप घेऊन अल्ब्युमिनमध्ये, हिमोग्लोबिनमध्ये, स्नायूंत, जिथं प्रोटीन बनतंय तिथं घुसत जातं. पाट भरला की पाणी बांध फोडून शेजारच्या रानात जातं तसं. आणि केस-नखांचं केरॅटिन तर उभंच आहे सल्फरच्या बंधांवर, तिथं सेलेनियमची गर्दी झाली की ते बंध नीट बसत नाहीत असं मानलं जातं. गंमत म्हणजे केसाच्या मुळाला थोडं सेलेनियम लागतंच, ज्या उंदरांच्या त्वचेच्या पेशींना सेलेनियमवाली प्रोटीनं बनवता येत नाहीत त्यांचेही केस जातात. त्यामुळे केस गळतायत म्हणून कुणी सेलेनियमची गोळी सुचवली तर आधी थांबा, कमी आहे का जास्त हे बघितल्याशिवाय अजिबात नको. उलट्या टोकाला जाल.

उत्तरध्रुव

मी फिनलंडमध्ये राहतो, दहा वर्षं झाली. इथली जमीन आंबट, पिकांना सेलेनियम मिळतच नाही. म्हणून १९८४ पासून सरकारनं रासायनिक खतातच सोडियम सेलेनेट मिसळायला सुरुवात केली, आजही मिसळतात. माणसाला गोळी द्यायच्या ऐवजी शेताला द्यायचं, मग पीक त्याचं सेलेनोमेथिओनिन करून देतं आणि लोक पावातून, दुधातून खातात. काही वर्षांत लोकांच्या रक्तातली पातळी सरळ वर गेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं किती साधा उपाय आहे. पण आपल्याकडे बघा, एकाच देशात पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम इतकं की तिथल्या जनावरांची खुरं आणि माणसांची नखं-केस जायची नोंद आहे. म्हणजे देशभर एकच उपाय कसा चालणार.

निळी_शाई

अगदी बरोबर. आणि दुसऱ्या टोकाला चीनमधला हेलोंगजियांग प्रांतातला केशान जिल्हा. १९३५ मध्ये तिथं हृदयाचा स्नायू निकामी होणारा आजार नोंदला गेला, बळी मुख्यतः लहान मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या बाया. माती सेलेनियमहीन. सत्तरच्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्या तेव्हा आजार झपाट्यानं कमी झाला. आपण वरती स्नायूंची पाळी मागं म्हणालो, हृदय पण स्नायूच आहे हे लक्षात घ्या. नुसत्या टंचाईनं नाही, टंचाई झालेल्या शरीरात कॉक्सॅकी व्हायरस गेला की तो जास्त घातक व्हायचा असंही पुढं दिसलं.

कसरतपटू

सगळं मान्य ताई, माहिती जबरदस्त आहे, पण मी दोन वर्षं २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल घेतोय, जिममध्ये सगळेच घेतात, अँटिऑक्सिडंट आहे, इम्युनिटी वाढते, कॅन्सर टळतो असं वाचलंय. जास्तीचं लघवीतून निघून जात नाही का? शिवाय थायरॉईडवाल्यांना डॉक्टर स्वतः देतात की.

निळी_शाई

काही निघून जातं, खरं आहे, लिव्हर त्याला साखर जोडून लघवीत टाकतं, आणि फारच झालं तर श्वासातून, तोंडाला लसणासारखा वास येतो. पण सेलेनोमेथिओनिनचं जे स्नायूत बसलंय ते लवकर जात नाही.

कॅन्सरचं म्हणशील तर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या १३१२ लोकांच्या एका अभ्यासात २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर कमी झालेला दिसला, म्हणून मग ३५,५३३ पुरुषांचा प्रचंड मोठा अभ्यास केला, तो २००८ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण सेलेनियमचा काही फायदाच दिसेना. आणि त्या आधीच्या अभ्यासातल्या लोकांची पुढं नीट मोजदाद केली तेव्हा गोळीवाल्यांत डायबेटिस जास्त निघाला. माझं मत स्पष्ट आहे, प्रोटीन पी भरल्यावर वरचा माल नेमून दिलेल्या वाटेनं जात नाही आणि त्याचा उपयोग तर मुळीच नाही.

थायरॉईडचं थोडं वेगळं आहे. थायरॉईडच्या टी४ हार्मोनचं जास्त प्रभावी टी३ करणारी डीआयोडिनेज एन्झाइमं सेलेनियमवाली आहेत, आणि थायरॉईडमध्ये दर ग्रॅममागे सेलेनियम इतर अवयवांपेक्षा जास्त सापडतं. ग्रेव्ह्ज आजारात (यात थायरॉईड जरुरीपेक्षा जास्त काम करतं) डोळ्यांवर सौम्य परिणाम असेल तर सहा महिने सेलेनियम देऊन फायदा झाल्याचा २०११ चा युरोपातला अभ्यास आहे. पण ते रोगी होते, युरोपात मुळात सेलेनियम कमी, आणि मुदत ठरलेली होती. धडधाकट माणसानं दोन वर्षं रोज, ही वेगळी गोष्ट. आपल्या आयसीएमआरनं रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम सांगितलीय, तू पाचपट घेतोयस, वर जेवण आहेच. ब्राझील नट खात असशील तर ते पण मोज, ६-८ नगांत ५०० च्या वर जातं. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये चुकून लेबलच्या २०० पट सेलेनियम पडलं होतं, २०१ लोकांना जुलाब, सांधेदुखी, केस जाणं, नखं खराब होणं असं सगळं झालं. तुझ्या डॉक्टरांशी बोल रे, आणि हो, बाटलीवरचा आकडा त्यांना दाखव.

आजोबा७०

सौ. निळीशाई, फार तळमळीने लिहिता. माझाही रिपोर्ट आहे, सीरम सेलेनियम. मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला तेव्हा काढलेला, आकडा कमी आला. मुलगा लगेच गोळ्या आणायला निघाला. आपण सांगता त्या हिशेबाने तो आकडा कसा वाचायचा?

निळी_शाई

नमस्कार काका. एकूण सीरम सेलेनियममध्ये सगळंच मिसळलेलं असतं, पी मधलं, पेरॉक्सिडेज ३ मधलं आणि अल्ब्युमिनमध्ये अडकलेलं. त्यातलं कामाचं किती ते त्या एका आकड्यातून दिसत नाही. वरचा आकडा जास्त असेल तर कदाचित नुसतं अल्ब्युमिनमधलं वाढलेलं असेल. प्रोटीन पी स्वतः मोजलं तर खरं चित्र कळतं, पण ती तपासणी संशोधनातच जास्त होते.

तुमच्या बाबतीत मुख्य गोष्ट न्यूमोनियाची. अंगात जंतुसंसर्ग, सूज असली की लिव्हर सेलेनोप्रोटीन पी कमी बनवतं, रक्तातला आकडा आपोआप खाली येतो. तो खाण्यातल्या टंचाईचा असेलच असं नाही. मुलाला म्हणावं घाई करू नकोस, पूर्ण बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून परत बघा. तोवर अंडी, मासे चालत असतील तर मासे, डाळी, नेहमीचं जेवण.

काकूंना पण हेच सांगितलं शेवटी. त्यांचा प्रश्न खरा होता, त्या कागदावर पोचल्याची पावती नाहीये.

सुवर्णरेखा

ताई, बाळाचं काय? आईकडून पोटातल्या बाळाला हेच प्रोटीन जातं का?

निळी_शाई

हो, उंदरांत तरी तसंच दिसलंय. वारेत तेच अपो-ई रिसेप्टर २ असतं, ते आईचं प्रोटीन पी धरतं आणि बाळाकडं सेलेनियम जातं. जन्मल्यावर दुधातून. तुझ्या सेमिनारला हा विषय घे, मेगालिनचा भाग पण घाल त्यात, मी मदत करीन.

खामगावचा

ताई, उत्तर वाचून वहिनीले फोन केला, सगळं समजावून सांगितलं, पाट फुटल्याचं तर तिले लगेच समजलं. केस आता परत आले तिचे, बोटभर झालेत, मऊ आहेत लहान लेकरासारखे. पण एक सांगतो, केस गेले त्याच्या नंतर नखांवर पांढरी आडवी रेघ आली होती सगळ्या बोटायच्या. ते रेघ मुळापाशी होती, आता सरकत सरकत टोकाले आली. ते काय असन?

निळी_शाई

दादा, नख मुळापासून वाढतं, हाताचं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. ज्या आठवड्यात मुळाशी नख नीट घडलं नाही तो आठवडा त्या रेघेत आहे, आणि तो हळूहळू पुढं सरकतोय. मागं चांगलं नख येतंय ही चांगली खूण. आणखी एक, नखात सेलेनियम साठतं, पायाच्या नखांत तर कित्येक महिन्यांपूर्वीचं खाणं मोजता येतं, मोठमोठ्या अभ्यासांत लोकांची कापलेली नखं गोळा करून तसंच करतात. डॉक्टरांना दाखवायची असतील तर फेकू नका म्हणावं.

खामगावचा

फेकली नाही ताई. तिनं आधीपासूनच वहीच्या कागदाच्या पुड्यात बांधून ठेवली आहेत, एकेक पुडीवर तारीख टाकून. आठ पुड्या झाल्या आतापर्यंत.